पाणंदीच्या वाटेची मोटारगाडी : घेण्यापूर्वीं व घेतल्यावर

बैल घेतांना आपल्याकडील शेतकरी कधीं घाई करीत नाहीं. तो दांत मोजतो, खूर उचलून पाहतो, खांद्यावरून हात फिरवितो, जुवाखालीं घालून चार पावलें चालवितो, आणि मगच रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरवितो. परंतु हाच चतुर गृहस्थ बैलजोडीच्या किमतीच्या दहापट रकमेची मोटारगाडी घेण्यास निघाला, म्हणजे तिचा रंग, तिची उंची आणि शेजाऱ्याच्या दारांतील गाडी एवढ्या तीन गोष्टी पाहून सौदा करून येतो, असा आमचा अनुभव आहे. हवेली, मावळ, मुळशी व खेड या तालुक्यांत डोंगरवाटेनें व चिखलांतून जाऊं शकणाऱ्या गाड्या घेण्याकडे अलीकडे लोकांचा कल फार वाढला आहे. त्यासंबंधानें सभासदांकडून वारंवार विचारणा होते. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या भागांत या प्रश्नास एक विशेष बाजू आहे. पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि पवना व इंद्रायणी यांच्यामधील ज्वारी-बाजरीचीं शिवारें हळूहळू कारखान्यांखालीं गेलीं. २००९-१० च्या सुमारास चाकणच्या माळावरहि मोठमोठे मोटार-कारखाने उभे राहिले. टाटांच्या पिंपरी येथील कारखान्यांतून १९९१ मध्यें सिएरा, १९९४ मध्यें सुमो व १९९८ मध्यें सफारी या गाड्या बाहेर पडल्या. आकुर्डीच्या बजाज टेंपो कंपनीनें, म्हणजे २००५ पासूनच्या फोर्स मोटर्सनें, खेडोपाडीं धांवणारी ट्रॅक्स दिली. ज्या जमिनींवर या गाड्या तयार होतात त्या जमिनींचा मोबदला कित्येक कुटुंबांच्या हातीं एकदम आला, आणि त्यांतील बराचसा पैसा गाड्यांच्याच रूपानें परत गेला. जमीन एकदाच विकली जाते. गाडीची किंमत मात्र दुकानांतून बाहेर पडल्या दिवसापासून उतरूं लागते. म्हणून ही खरेदी हौसेची न समजतां शेताच्या औतासारखी समजून करावी, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

अशा गाडीचें शेताशीं असलेलें नातें नवें नाहीं. दुसरें महायुद्ध संपतांच १९४५ सालीं अमेरिकेंतील विलीस कंपनीनें आपली लष्करी जीप नागरी रूपांत बाजारांत आणली, ती मुख्यतः शेतकऱ्यांसाठीं. नांगर ओढणें, माल वाहणें व यंत्रें फिरविणें अशीं कामें ती करील, असें तिच्या जाहिरातींत सांगितलेलें असे. इंग्लंडांत १९४८ सालीं निघालेली लँड रोव्हरहि शेतावरच्या उपयोगाकरितांच कल्पिलेली होती. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईस माझगांव येथें महिंद्र कंपनीनें विलीस जीप जोडण्यास आरंभ केला, व आजची थार ही त्याच वंशांतील गाडी आहे. तेव्हां या गाडीचा मूळ धर्म काम हा आहे. दिखाऊपणा तिला मागाहून चिकटला.

वाट आधीं, गाडी मागाहून

खरेदीची पहिली पायरी दुकानांत नसून आपल्या शिवारांत आहे. वर्षांतील अत्यंत वाईट पंधरा दिवस, म्हणजे आषाढाचा दुसरा पंधरवडा, डोळ्यांपुढें आणावा, आणि घरापासून डांबरी सडकेपर्यंतची वाट पायीं चालून पाहावी. बरोबर एक काठी व एक मोजपट्टी असावी. पाणंद सर्वांत अरुंद कोठें आहे, ओढ्याचा उतार किती उभा आहे, फरशीवरून पाणी किती वाहतें, आणि विशेषतः ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांच्या मधला वरंबा किती उंच आहे, हें मोजून ठेवावें. ट्रॅक्टरचें मागील चाक मोठें असल्यामुळें तो खोल चाकोरीतूनहि निघून जातो. मागून जाणाऱ्या मोटारीचें मात्र पोट मधल्या वरंब्यावर टेकतें, आणि चारही चाकें नुसतीं फिरत राहतात.

जमिनीची जातहि पाहावी. लोणावळ्याकडे वर्षांत चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर चाकणच्या पूर्वेस एक हजारापेक्षांहि कमी. पश्चिमेकडील तांबड्या मातीच्या वाटेवर पाण्यानें वरचा थर निसरडा होतो, पण खालीं बहुधा मुरूम किंवा कातळ लागतो. पूर्वेकडील काळी जमीन थोड्या पावसानेंहि चिकट होऊन टायरच्या खांचा भरून टाकते, व मग कोणताहि टायर गुळगुळीत चाकासारखाच होतो. भातखाचरांत तर तळच सांपडत नाहीं. काळ्या जमिनींत पाऊस थांबल्यावर पांच-सहा तास थांबणें हा उपाय कित्येकदां सर्व यंत्रांहून श्रेष्ठ ठरतो.

एवढी पाहणी झाल्यावर पुष्कळांस असें आढळून येईल कीं, आपली वाट वर्षांतून दहा-बारा दिवसच खरी अडते. अशांनीं उंच पोटाची साधी गाडी आणि चांगले टायर यांवर भागवावें. ज्यांची वस्ती डोंगराच्या कुशींत आहे, ज्यांस दुधाचीं कासंड्या, आजारी माणूस किंवा शाळेचीं मुलें रोज चिखलांतून न्यावीं लागतात, त्यांनींच पुढील विचार करावा.

चारही चाकांचा जोर म्हणजे काय

गाडी वळण घेतांना बाहेरच्या चाकास आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. दोन्ही चाकें एकाच आंसास जखडलेलीं असतीं तर त्यांतील एक फरफटलें असतें. हें टाळण्यासाठीं आंसाच्या मध्यावर डिफरन्शियल नांवाची दातेरी चाकांची पेटी बसविलेली असते. तिच्या योगानें प्रत्येक चाक आपापल्या गतीनें फिरतें. परंतु हाच गुण चिखलांत दोष ठरतो. ज्या चाकाखालीं जमीन धरत नाहीं तें गरगर फिरतें, आणि घट्ट जमिनीवरचें त्याचें जोडीदार चाक स्वस्थ राहतें. ट्रॅक्टर चालविणारास हें सांगण्याची गरज नाहीं. एक चाक घसरूं लागतांच तो पायाखालचा डिफरन्शियल लॉक दाबतो, व दोन्ही चाकें एकत्र ओढूं लागतात.

मोटारीच्या चारही चाकांस इंजिनाचा जोर मिळाला म्हणजे अडचण अर्धी कमी होते, पण संपत नाहीं. पुढचें एक व मागचें एक चाक अधांतरीं किंवा चिखलांत असलें, तर लॉक नसलेली फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीहि उभी राहते. म्हणून विक्रेत्यास पहिला प्रश्न "चारही चाकें ओढतात काय?" हा, व दुसरा "लॉक कोणत्या आंसास आहे?" हा विचारावा. फोर्सच्या गुरखा गाडीस पुढें व मागें दोन्हीकडे हातानें लावण्याचे लॉक आहेत. थारच्या कांहीं प्रकारांतच मागील लॉक मिळतो. इतर प्रकारांत घसरणाऱ्या चाकास ब्रेक लावून काम भागविलेलें असतें. येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. जानेवारी २०२३ पासून थार केवळ मागील दोन चाकांच्या जोराचीहि मिळूं लागली. दिसण्यांत दोन्हींत फारसा फरक नाहीं. पण चिखलांत तो फरक ताबडतोब कळतो. नांव पाहून गाडी घेऊं नये, आंत दुसरा दांडा आहे कीं नाहीं तें पाहावें.

त्या दुसऱ्या दांड्यानें "लो" गिअरहि पडतो. ट्रॅक्टरच्या हाय-लो दांड्याचेंच हें काम आहे. चाकें सावकाश फिरतात, जोर कित्येक पटींनीं वाढतो, आणि उतारावर ब्रेक न दाबतां इंजिनच गाडीस आवरून धरतें. निसरड्या उतारावर ब्रेक दाबल्यास चाकें बंद पडून गाडी घसरते. यासाठीं भीमाशंकरच्या बाजूच्या उभ्या वाटांवर "लो" गिअर हा जोरापेक्षांहि अधिक सुरक्षिततेसाठीं उपयोगी आहे. मात्र कोरड्या डांबरी सडकेवर अशा गाडीचा चार चाकांचा जोर लावून ठेवूं नये. वळणावर पुढच्या व मागच्या आंसांस वेगवेगळें अंतर तोडावें लागतें, त्यांस सैल होण्यास वाव न मिळाल्यानें दातेरी चाकांवर ताण पडतो, व दुरुस्तीचा खर्च मोठा येतो.

मापें

कारखानदारांनीं प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें थारचें पोट जमिनीपासून सुमारें २२६, गुरख्याचें २३३ व मारुतीच्या जिमनीचें २१० मिलिमीटर उंच आहे. हे आंकडे रिकाम्या गाडीचे समजावे; माणसें व सामान भरल्यावर उंची कमी होते. आपल्या चाकोरीचा वरंबा आठ इंचांहून उंच असेल, तर भरलेली गाडी तेथें टेकण्याचा संभव आहे. तेथें फावड्यानें वरंबा कापणें हाच मार्ग आहे. याशिवाय गाडीच्या नाकाखालचा व शेपटीखालचा कोन पाहावा. ओढ्याच्या उभ्या काठावर प्रथम नाक लागतें, चढून वर येतांना शेपटी लागते. आंखूड गाडी बांध सहज ओलांडते व अरुंद पाणंदींत वळते. लांब गाडींत माणसें अधिक बसतात, पण तिचें पोट बांधावर टेकतें.

मालाचा विचारहि येथेंच करावा. अशा बहुतेक गाड्या माणसें नेण्याच्या आहेत. कांद्याच्या गोण्या चाकणच्या बाजारांत नेण्यास त्यांचा उपयोग नाहीं, आणि तशी नोंदणीहि नसते. ज्यास माल वाहावयाचा आहे त्यानें पिक-अप घ्यावा. दोन्ही कामें एकीवर लादूं पाहणाराचें एकहि काम नीट होत नाहीं.

टायर व हवा

सज्ज करण्यावर खर्च करावयाचा असेल तर पहिला रुपया टायरांवर खर्च करावा. मोठ्या खांचांचे चिखली टायर मऊ मातींत उत्तम धरतात. पण डांबरी सडकेवर ते आवाज करतात, लवकर झिजतात, आणि ओल्या सडकेवर ब्रेक लावल्यास गाडी लांबवर जाते. ज्याची गाडी दहा मैलांपैकीं नऊ मैल पुणें-नाशिक किंवा तळेगांव-चाकण सडकेवर चालते, त्यानें मध्यम खांचांचे, सर्व वाटांस चालणारे टायर घ्यावे. कारखान्यानें दिलेल्या मापापेक्षां मोठे टायर घालण्याचा मोह धरूं नये. ते मडगार्डास घासतात, वेगाचा कांटा चुकीचा दाखवूं लागतात, आणि हमीविषयीं तंटा उद्भवतो.

टायरांइतकेंच महत्त्व त्यांतील हवेस आहे. सडकेवर तीस-बत्तीस पौंड हवा असलेलें चाक चिखलांत किंवा वाळूंत वीस पौंडांच्या आसपास उतरविलें, तर तें पसरतें, जमिनीशीं त्याचा स्पर्श वाढतो व गाडी तरंगल्यासारखी निघून जाते. दगडांच्या वाटेवर मात्र हवा फार उतरविल्यास टायरची बाजू फाटते. पुन्हां सडकेस लागण्यापूर्वीं हवा भरलीच पाहिजे. म्हणून हवा मोजण्याचें यंत्र व बॅटरीवर चालणारा लहान पंप गाडींत नेहमीं असावा. बिनखर्चाचा असा दुसरा उपाय आमच्या पाहण्यांत नाहीं.

रुतलेली गाडी सोडविणें

गेल्या वर्षीं आषाढांत खेड तालुक्याच्या पश्चिम भागांत एका सभासदाच्या घरीं आम्ही जात होतों. गाडी नवी, चारही चाकांच्या जोराची, पुढें चकचकीत लोखंडी दांडा बसविलेली. खाचराच्या बांधाजवळ ती रुतली. चालकानें जोरजोरानें चाकें फिरविलीं, त्यामुळें ती आंसापर्यंत खालीं बसली. मग ट्रॅक्टर आणला, आणि घाईघाईनें दोर त्या लोखंडी दांड्यासच बांधला. पहिल्याच हिसक्यास दांडा उपटून निघाला व सूं करीत ट्रॅक्टरच्या मडगार्डावर आदळला. ट्रॅक्टरवरील मुलगा हातभर अंतरानें वांचला. त्यानंतर घरच्या वृद्ध आजोबांनीं सर्वांस दूर उभें केलें, चाकांची हवा उतरविली, फावड्यानें पोटाखालची माती काढली, चाकांपुढें दगड व फांद्या घातल्या, आणि "लो" गिअरांत सावकाश चालविण्यास सांगितलें. ट्रॅक्टर न लावतां गाडी बाहेर आली. आम्हांस त्या दिवशीं जें शिकावयास मिळालें तें येथें नमूद करतों.

टोचन लावण्याचा हूक गाडीच्या सांगाड्यास जोडलेला, कारखान्यानें नेमून दिलेलाच असावा. बंपर, दांडा किंवा आंसाची सळई यांस दोर कधींहि बांधूं नये. दोरावर व शॅकलवर त्यांची ताकद लिहिलेली असते. ती गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट असावी. जुनी साखळी किंवा विहिरीचा दोर वापरूं नये. ताणलेल्या दोरापासून सर्व माणसें, विशेषतः मुलें, दोराच्या दीडपट अंतरावर उभीं राहावीं, आणि दोरावर गोणपाट टाकावें, म्हणजे तुटल्यास तो उसळत नाहीं. गाडींत एक फावडें, जॅक, जॅकखालीं ठेवण्याची जाड फळी, जाड हातमोजे, विजेरी व पुरेशी हवा भरलेली स्टेपनी असावी. विंच हें यंत्र चांगलें आहे. पण तें महाग असून त्यानें पुढील भागाचें वजन वाढतें, व वापरण्याचें शिक्षण नसल्यास तें घातक होतें. ज्याच्या शेजारीं ट्रॅक्टर आहे त्यास विंचची गरज क्वचितच पडते.

पाण्यांत घालण्यापूर्वीं

थार ६५० व गुरखा ७०० मिलिमीटर खोल पाण्यांतून जाऊं शकते, असें त्यांचे कारखानदार सांगतात. हे आंकडे स्थिर पाण्याचे समजावे. भामा, इंद्रायणी किंवा भीमा यांच्या पुरास ते लागू नाहींत. वाहतें पाणी फूटभर असलें तरी लहान मोटार उचललें जाण्याचा संभव असतो, व दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहूं लागतात. फरशीचे कांठ दिसत नसतील, किंवा तळ काठीनें चांचपला नसेल, तर गाडी पाण्यांत घालूं नये. ज्या पाण्यांतून माणूस निर्धास्त चालून जाऊं शकत नाहीं त्यांतून गाडीहि नेऊं नये, हा साधा नियम पाळावा.

इंजिन हवा ओढतें त्या तोंडांतून पाणी आंत गेल्यास तें दाबलें जात नाहीं, व आंतील दांडा वांकतो. म्हणून पाण्यांत बंद पडलेलें इंजिन पुन्हां सुरू करण्याचा प्रयत्न करूं नये. गाडी ओढून काढून कारागीरास दाखवावी. साध्या विम्यांत असें नुकसान बहुधा भरून मिळत नाहीं. इंजिनासाठीं वेगळें संरक्षण घ्यावें लागतें. हवेचें तोंड उंच नेणारा स्नॉर्कल गुरख्यास मुळांतच असतो; परंतु त्यामुळें गाडीचें वजन वाढत नाहीं, व प्रवाहापुढें ती तितकीच हलकी राहते, हें विसरूं नये. खोल पाण्यांतून आल्यावर ब्रेक वाळवावे व आंसांतील तेल पाहावें. तें दुधासारखें झालें असल्यास ताबडतोब बदलावें.

कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें कारखान्याच्या मूळ नोंदीहून वेगळा असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच स्पष्ट केलें. समोर लावावयाच्या लोखंडी दांड्यांविरुद्ध केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांस कळविलें आहे. असा दांडा पायीं जाणारास घातक असतो, आणि धडकेच्या वेळीं हवेच्या पिशव्यांच्या कामांत अडथळा आणतो. छप्पर बदलणें, गाडी फार उंच करणें, डोळे दिपविणारे दिवे लावणें यांवर खर्च केलेला पैसा दंडांत व विम्याच्या नकारांत दुसऱ्यांदां जातो. जें बसवावयाचें तें कारखान्याच्याच अधिकृत यादींतून घ्यावें.

पैशाचा हिशेब

पंधरा लक्ष रुपये शेंकडा ९ व्याजानें सात वर्षांच्या हप्त्यांवर घेतल्यास दरमहा सुमारें २४,१३४ रुपये भरावे लागतात. म्हणजे सात वर्षांत वीस लक्ष सत्तावीस हजार, त्यांत व्याजच सव्वापांच लक्षांवर. विमा, इंधन, टायर व दुरुस्ती यांचा खर्च याहून निराळा. कांद्याचा भाव पडलेल्या वर्षींहि हा हप्ता थांबत नाहीं. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणें चार मीटरांहून लांब किंवा मोठ्या इंजिनाच्या मोटारींवर शेंकडा ४० वस्तू व सेवा कर आहे, तर ट्रॅक्टरवर व त्याच्या टायरांवर शेंकडा ५. या फरकाचा विचार प्रत्येकानें आपल्या घरीं बसून करावा.

जुनी गाडी घेणें शहाणपणाचें ठरूं शकतें. पण तेथें परीक्षा अधिक कडक हवी. खालीं शिरून सांगाड्यावर गंज किंवा सांधे दिसतात काय तें पाहावें. बैठकीखालीं वाळलेला चिखल किंवा कुबट वास असल्यास गाडी पाण्यांत बुडालेली असते. चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावे. मोकळ्या मातीच्या जागीं नेऊन "लो" गिअर टाकून पाहावा. तो पडत नसेल किंवा खडखडत असेल, तर विक्रेत्याचें पुढील बोलणें ऐकण्याचें कारण नाहीं.

शेवटीं एक गोष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. दहा घरांच्या वस्तीनें दहा गाड्या घेण्याऐवजीं पाणंदींत मुरूम टाकून दोन्ही बाजूंस चर काढले, तर तीच वाट साध्या गाडीस व बैलगाडीसहि बारमाही होईल. यासाठीं २०२१ मध्यें राज्य सरकारनें मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना काढली. ग्रामपंचायतीमार्फत तिची व तत्सम कामांची चौकशी करावी. त्यानंतरहि वाट अडत असेल, तर गाडी अवश्य घ्यावी. परंतु ती वाटेचें माप घेऊन, आंतला दांडा पाहून, आणि टायर, दोर व फावडें यांसाठीं पैसा राखून घ्यावी.